ठावठिकाणा

श्रावण-भाद्रपदात गंगा चढू लागली म्हणजे काशीच्या घाटांची एकमेकांपासूनची ओळख पुसली जाते. अस्सीपासून राजघाटापर्यंत एरवी आपापल्या पायऱ्यांनी, बुरुजांनी आणि देवळांनी वेगळे दिसणारे घाट एकाच गढूळ पाण्याखाली जातात. एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची काठाची वाट बंद होते. दशाश्वमेधावरील सायंकाळची आरती वर सरकते, आणि मणिकर्णिकेवरच्या चिताही पाण्यापुढे मागे हटत उंच जागी जातात. अशा दिवसांत साऱ्या शहराचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते. वाराणसीसाठी केंद्रीय जल आयोगाने इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर व धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर ठरविलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, हे तेथील जुन्या माणसांच्या अजून स्मरणात आहे.

या आकड्याला एवढे वजन कशामुळे येते? तो ज्या मोजपट्टीवरून वाचला जातो ती कोठे उभी आहे आणि समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे आधी निश्चित झालेले असते, म्हणून. तीच पट्टी उपटून दुसऱ्या पायरीवर रोवली आणि कोणास सांगितले नाही, तर आकडा पूर्वीइतकाच काटेकोर दिसेल. मात्र त्याचा अर्थ नाहीसा होईल. मोजमापाला ठिकाण नसेल तर ते पत्ता नसलेल्या पत्रासारखे होय. मजकूर आहे, पण तो कोणाच्या घरचा, हे कळावयास मार्ग नाही.

आजच्या विज्ञानात हा साधा विचार एका नव्या रूपाने पुढे आलेला आहे. मुठीत मावेल एवढे एक उपकरण असते. त्यात पाणी, उष्णता, धूर किंवा जमिनीचा कंप ओळखणारा संवेदक असतो, थोडे गणित करणारी चकती असते, लहानसे बिनतारी यंत्र असते, आणि या सर्वांना चालविणारी एक बॅटरी असते. अशी शेकडो उपकरणे शेतात, रानात, पुलावर किंवा नदीकाठी ठेवतात. प्रत्येक उपकरण आपल्या शेजाऱ्याशी बोलते, शेजारी पुढच्याशी बोलतो, आणि अशा रीतीने बातमी टप्प्याटप्प्याने मुख्य केंद्राकडे पोचते. या रचनेस बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणतात. जाळ्यातील एकेका उपकरणास इंग्रजीत ‘नोड’ असे नाव आहे. मराठीत त्यास ‘ठाणे’ म्हणावयास हरकत नाही.

काशीच्या घाटांवर आणि घाटांमागच्या गल्ल्यांत अशी ठाणी बसविली आहेत, अशी कल्पना करावी. मध्यरात्री एक ठाणे कळविते की, पाणी येथवर आले. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असणार : ‘येथवर’ म्हणजे कोठवर? कोणत्या गल्लीतील माणसांना उठवावयाचे? नाव कोठे न्यावयाची? ठाण्याला आपले ठिकाण ठाऊक नसेल तर त्याची जागरूकता व्यर्थ आहे. म्हणून या जाळ्यांच्या शास्त्रात ठाण्यांचे स्थाननिर्णयन हा एक स्वतंत्र व महत्त्वाचा विषय झालेला आहे.

विषय नवा असला तरी प्रश्न काशीला नवा नाही. आपल्या ज्योतिषग्रंथांत स्थळाची निश्चिती दोन गोष्टींनी होत असे : अक्षांश आणि देशांतर. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा कल्पून तिच्यापासून आपले गाव पूर्वेस वा पश्चिमेस किती आहे, हे ठरवीत. ते ठरविण्याची सूर्यसिद्धांतात सांगितलेली रीत मोठी मार्मिक आहे. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते. पण प्रत्येक गावचे घटिकायंत्र मात्र त्या गावच्या सूर्यावर चालते. तेव्हा मध्यरेषेसाठी गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील अंतर पाहावे. ग्रहण गणितापेक्षा उशिरा दिसले तर गाव पूर्वेस आहे, आणि लवकर दिसले तर पश्चिमेस. उज्जयिनी व काशी यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासात अंशांचा फरक आहे. म्हणजे काशीच्या घड्याळात तेच ग्रहण सुमारे एकोणतीस मिनिटे उशिरा पडते. काळाच्या फरकावरून स्थळाचा फरक काढावा, हे तत्त्व त्या रीतीत स्पष्ट आहे. आजची बिनतारी यंत्रे तेच तत्त्व वापरतात. मिनिटांच्या जागी एका सेकंदाचा अब्जावा भाग आला, एवढाच भेद.

दशाश्वमेधाच्या शेजारी मानमंदिर घाटावर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. याचा अर्थ असा की, तिचा चढ काशीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे पंचवीस अंश अठरा कला आहे. ती भिंत जशीच्या तशी उचलून जयपुरास नेली तर ती तेथे खोटी वेळ सांगेल. आपण कोठे आहोत हे त्या दगडी यंत्राच्या अंगातच बांधलेले आहे.

मराठी घराण्यात १८२१ साली जन्मलेले आणि नागपुरास शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ साली याच काशीत संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले. त्यांनी केलेला सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे काशीचे पंचांग तयार करण्याचा उपक्रम केला. ग्रीनिचसाठी केलेले गणित काशीस लावावयाचे, तर काशी ग्रीनिचच्या पूर्वेस नेमकी किती, हे प्रथम ठाऊक हवे. हे अंतर सुमारे त्र्याऐंशी अंशांचे, म्हणजे पाच तास बत्तीस मिनिटांचे आहे. ते चुकले तर तिथीची वेळ चुकणार, आणि तिथीची वेळ चुकली तर एकादशी कोणत्या दिवशी धरावी याचाच घोटाळा होणार. ठिकाणाची चूक माणसाच्या व्यवहारात कशी उतरते, याचे हे घरगुती उदाहरण होय.

आकाशाकडे न पाहता जमिनीवरच्या जमिनीवर स्थळ ठरविण्याची दुसरी रीत म्हणजे त्रिकोणांची. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून दोन कोन घेतले की त्या खुणेचे स्थान गणिताने निघते. मग ती खूण नव्या त्रिकोणाचे टोक होते, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत मोजणी पुढे सरकते. अशी वीस वर्षे मोजणी करीत लॅम्टन उत्तरेकडे आला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धेजवळच्या हिंगणघाटास मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पुढील मोजणीदारांनी त्याचे काम हिमालयापर्यंत नेले. या मोजणीत एक दंडक होता. त्रिकोणांची मालिका लांबत गेली की चूक साचत जाते, म्हणून मधूनमधून नवी पायारेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजावयाची आणि गणिताने आलेली लांबी तिच्याशी ताडून पाहावयाची. ज्ञात स्थळावरून अज्ञात स्थळाकडे जावे, पण अधूनमधून पाय जमिनीला लावून पाहावेत, असा हा दंडक आहे. संवेदकांच्या जाळ्यासही तोच लागू पडतो.

येथे कोणी विचारील की, उपग्रहांच्या साहाय्याने हातातला दूरध्वनीसुद्धा आपले ठिकाण सांगतो, मग एवढा खटाटोप कशासाठी? उपग्रहांची सोय मोठी आहे, यात शंका नाही. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की उघड्या आकाशाखाली काही मीटरांच्या आत ठिकाण कळते. परंतु ‘उघड्या आकाशाखाली’ ही अट महत्त्वाची आहे. काशीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना उंच घरे असतात आणि वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. तेथे काही उपग्रह भिंतीआड जातात, काहींचे संदेश भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतात, आणि वळसा घेतलेला संदेश यंत्राला लांबून आल्यासारखा वाटतो. तळघरात आणि पाण्याखाली तर हे संदेश पोचतच नाहीत. शिवाय उपग्रहाचे ऐकण्यात वीज खर्च होते. एकाच बॅटरीवर महिनोन्‌महिने राहावयाचे असलेल्या ठाण्याला हा खर्च नेहमी परवडत नाही. म्हणून मोजक्याच ठाण्यांचे ठिकाण उपग्रहाने किंवा प्रत्यक्ष मोजणीने निश्चित करतात. ही झाली आधार-ठाणी. बाकीच्यांनी आपले ठिकाण आधार-ठाण्यांशी बोलून स्वतः काढावयाचे असते.

हे काढण्याच्या रीती मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात अंतर मोजतात. एका आधार-ठाण्यापासूनचे अंतर कळले म्हणजे आपण त्याच्याभोवतीच्या एका वर्तुळावर कोठे तरी आहोत, एवढे समजते. दुसऱ्यापासूनचे कळले की दोन वर्तुळे दोन बिंदूंत छेदतात. तिसऱ्याने त्यांतील खरा कोणता, याचा निकाल लागतो. अंतर मोजण्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संदेशाचा जोर पाहणे. हाक क्षीण ऐकू आली की हाक मारणारा दूर आहे, असे आपण समजतो, तसेच हे आहे. पण हाक क्षीण होण्यास अंतर हे एकच कारण नसते. मध्ये भिंत असेल, ओली माती असेल, नुसती माणसांची गर्दी असेल, तरी बिनतारी संदेश मंदावतो. देवदिवाळीच्या रात्री गर्दीने फुललेल्या घाटावर दोन ठाण्यांमधील अंतर वाढलेले नसते. संदेशाचा जोर मात्र घटलेला असतो.

दुसरा उपाय वेळ मोजण्याचा. बिनतारी लहर एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जाते, म्हणून एक मीटर अंतर तोडण्यास तिला सेकंदाचा अब्जावा भाग तीनदा घेतला तर लागेल एवढाच काळ लागतो. स्वस्त घड्याळाला हे मोजणे जमत नाही. यावर एक युक्ती निघाली. बिनतारी लहर आणि ध्वनी ही दोन्ही एकदमच सोडावयाची. लहर तत्काळ पोचते, ध्वनी मागाहून येतो, आणि दोहोंतील अवकाशावरून अंतर निघते. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून वीज किती दूर पडली हे आपल्याकडे पोरेसुद्धा अजमावतात, युक्ती तीच. मात्र ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलतो. पौषातल्या दहा अंशांच्या पहाटे तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर ज्येष्ठातल्या चाळीस अंशांच्या दुपारी सुमारे ३५५ मीटर. हा फरक ध्यानात घेतला नाही तर वीस मीटरांच्या अंतरात एक मीटर चूक येते.

दुसऱ्या प्रकारच्या रीतींत अंतर मोजीतच नाहीत. २००० साली निरुपमा बुलुसू, जॉन हायडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी सुचविलेली रीत अगदी साधी आहे. ज्या ज्या आधार-ठाण्यांचे संदेश आपणास ऐकू येतात, त्यांच्या बरोबर मध्यभागी आपण आहोत, असे ठाण्याने समजावे. २००१ साली ड्रागोश निकुलेस्कू व बद्री नाथ यांनी दुसरी रीत मांडली. तीत ठाणी टप्पे मोजतात. दोन आधार-ठाण्यांमधील सरळ अंतर ठाऊक असते, आणि संदेश एकाकडून दुसऱ्याकडे किती टप्प्यांत गेला तेही कळते. अंतराला टप्प्यांनी भागले की एका टप्प्याची सरासरी लांबी आली. मग मधले प्रत्येक ठाणे आपल्यापर्यंतचे टप्पे मोजते, त्यांना सरासरीने गुणते आणि आपले अंतर काढते. अमुक गाव दोन मजलांवर आहे, असे पूर्वीचे प्रवासी म्हणत, त्यातलाच हा हिशेब.

हा हिशेब काशीच्या घाटांवर मांडून पाहण्यासारखा आहे. गंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर चंद्रकोरीसारखे वसले आहेत. अस्सी हे कोरीचे एक टोक, राजघाट दुसरे. काठाने गेल्यास हे अंतर सहा किलोमीटर आणि सरळ रेषेत पाच, असे सोयीसाठी धरावे. दोन्ही टोकांना एकेक आधार-ठाणे आहे, आणि काठाकाठाने तीस टप्प्यांत संदेश जातो. प्रत्यक्षात एक टप्पा दोनशे मीटरांचा आहे. परंतु रीत सरळ अंतराला टप्प्यांनी भागते, म्हणून तिच्या मते तो सुमारे एकशे सदुसष्ट मीटरांचा ठरतो. आता जे ठाणे दोन्ही टोकांपासून पंधरा टप्प्यांवर, म्हणजे कोरीच्या मध्यावर, दशाश्वमेधाच्या आसपास आहे, ते आपला हिशेब करील. त्याच्या मते ते अस्सीपासून अडीच किलोमीटरांवर आहे आणि राजघाटापासूनही अडीच. पाच किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांभोवती अडीच किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे काढली तर ती एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू सरळ रेषेच्या मध्यावर पडतो. ती रेषा कोरीच्या पोकळीतून जाते. म्हणजे दशाश्वमेधाच्या पायरीवर बसलेले ठाणे मोठ्या निश्चयाने सांगेल की, मी गंगेच्या पात्रात किंवा पलीकडच्या वाळवंटात आहे.

या गणितात बेरीज चुकली नाही की भागाकार चुकला नाही. काठ सरळ आहे, हे जे न बोलता गृहीत धरले गेले, तेच खोटे होते. पुराच्या रात्री त्या ठाण्याने पाणी आल्याची वर्दी दिली, तर ती वर्दी नदीच्या पात्रातून आली असे दिसेल. पात्रात पाणी आहे, यात नवल ते काय, असे म्हणून ऐकणारा पुन्हा झोपी जाईल.

उपाय अवघड नाही. कोरीच्या मध्यावर, जेथे वळण सर्वांत खोल आहे तेथे, तिसरे आधार-ठाणे बसवावे. मग अस्सी ते दशाश्वमेध आणि दशाश्वमेध ते राजघाट असे दोन तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा पुष्कळसा सरळ असल्याने टप्प्याची लांबी खरीच्या जवळ येते आणि चूक एकदम घटते. लॅम्टनच्या मोजणीत मधूनमधून नवी पायारेषा मोजीत, त्यामागचे शहाणपण हेच. आधार किती, यापेक्षा ते कोठे आहेत याला महत्त्व अधिक. सरळ वाटेवर दहा आधार घालून जे साधत नाही, ते वळणावरच्या एका आधाराने साधते. आणि वळण कोठे आहे हे जाळे स्वतः सांगू शकत नाही. ते त्या काठाने चाललेल्या माणसालाच ठाऊक असते.

आणखी एक धोका उरतो. आधारच ढळला तर काय? मणिकर्णिकेजवळ शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला आणि बांधकामाच्या भाराने तो खचला. त्याच्याच शेजारी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका बाजूस कललेले उभे आहे. ज्या काठावर दगडी घाट आपली जागा सोडतात, तेथे खांबाला बांधलेले एक लहान उपकरण जागचे हलणार नाही, याची शाश्वती कोणी द्यावी? पुराच्या लोंढ्याने आधार-ठाणे दोन घाट खाली वाहून गेले आणि तरीही ते आपले जुने ठिकाण सांगत राहिले, तर त्याच्यावर विसंबलेली सर्व ठाणी त्याच्याबरोबर चुकतील. पंचायतीत एक पंच खोटे बोलला तर बाकीच्यांच्या साक्षीशी ताडून तो ओळखता येतो. पण पंच दोनच असतील तर खोटा कोणता, हे कळत नाही. म्हणून गरजेपुरतेच आधार न ठेवता एखाददुसरा अधिक ठेवतात, सर्वांच्या सांगण्याचा मेळ घालतात, आणि ज्याचे इतरांशी मुळीच जुळत नाही त्याला तात्पुरते बाजूस सारतात. त्याचप्रमाणे ठाण्याने केवळ ‘मी येथे आहे’ असे न सांगता ‘मी येथे आहे, दहा मीटर इकडेतिकडे’ असे सांगावे, हे अधिक प्रामाणिक. दहा मीटरांच्या शंकेने गल्ली चुकत नाही. पाचशे मीटरांची शंका लपवून ठेवली तर सारा मोहल्ला चुकतो.

मानमंदिराच्या भिंतीला हा प्रश्न पडला नाही, कारण ती ज्या जागेसाठी बांधली त्याच जागी उभी राहिली. आजची उपकरणे हलकी, स्वस्त आणि पुष्कळ आहेत. ती कोठेही टाकता येतात, आणि म्हणूनच ती कोठे आहेत हे पुन्हापुन्हा ठरवावे लागते. त्यांची संख्या कितीही वाढली तरी त्यांच्या ज्ञानाचे मूळ दोनचार अशा बिंदूंत असते की, जेथे कोणी तरी स्वतः जाऊन, मोजून, खूण करून आलेला असतो. तो बिंदू खरा असेल, योग्य वळणावर असेल, आणि पूर ओसरल्यावर तो जागीच आहे ना हे पाहण्यास कोणी पुन्हा जात असेल, तर मध्यरात्री आलेल्या वर्दीचा अर्थ लागेल. आणि ज्या दारापर्यंत पाणी आले, नेमके तेच दार वेळीच ठोठावले जाईल.